शस्त्रक्रियेपूर्वीं सांगावयाची हकीगत



शस्त्रक्रियेचा दिवस ठरला म्हणजे घरांत पहिली चर्चा होते ती खर्चाची आणि दुसरी, सोबतीस कोण राहणार याची. रुग्णाचें रक्त वेळेवर थांबतें कीं नाहीं, ही चौकशी मात्र बहुधा राहून जाते. तिच्याविषयीं आज मला दोन शब्द बोलावयाचे आहेत.

रक्ताच्या तपासणींत सर्व कांहीं कळतें, असा आपला समज असतो. तो अपुरा आहे. फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनीं १९२६ सालीं एका लहान मुलीच्या घराण्याची हकीगत विचारून रक्ताचा एक आनुवंशिक दोष उजेडांत आणिला. रक्त गोठण्याच्या नेहमींच्या चांचण्यांतून तो दोष आजही निसटूं शकतो. म्हणून दांत काढल्यावर रक्त किती वेळ वाहिलें, घोळणा वारंवार फुटतो काय, बाळंतपणांत रक्तस्राव फार झाला काय, मामा अथवा मावसभाऊ किरकोळ जखमेनें अत्यवस्थ झाले होते काय, हें डॉक्टरांस न विचारतांही सांगावें.

औषधेंही लपवूं नयेत. ॲस्पिरिनचा परिणाम सात ते दहा दिवस राहतो. क्लोपिडोग्रेल व वॉरफरिन यांचाही परिणाम कांहीं दिवस टिकतो. परंतु हीं औषधें आपल्या मनानें बंद करूं नयेत. तसें केल्यास हृदयाच्या अथवा मेंदूच्या रक्तवाहिनींत गुठळी होण्याचें भय असतें. केव्हां थांबावयाचें, तें डॉक्टरच ठरवितील.

आपल्या बीड जिल्ह्यास हा विषय फार जवळचा आहे. २०१९ सालच्या सरकारी पाहणींत ऊसतोडणीस जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. अंगावरून फार जातें, म्हणून पिशवी काढावी, असा सल्ला अनेकींस मिळतो. पण पुष्कळ वर्षें अंगावरून फार जाणें हेंच कधीं कधीं रक्ताच्या दोषाचें पहिलें लक्षण असतें. त्यांत अशा स्त्रीच्या अंगीं रक्त आधींच कमी असतें. दुसरीला सोसेल तेवढा रक्तस्राव तिला सोसत नाहीं. तेव्हां, भगिनींनो, होकार देण्यापूर्वीं माझें हिमोग्लोबिन किती आहे, तें वाढेपर्यंत थांबतां येईल काय, माझ्या गटाच्या रक्ताची सोय झाली आहे काय, हें अवश्य विचारा. शंका राहिल्यास अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत दुसरें मत घ्या.

तातडीची नसलेली शस्त्रक्रिया कांहीं आठवडे पुढें ढकलतां येते, आणि तेवढ्या अवकाशांत पुष्कळ तयारी होते. घरींच एका कागदावर ही हकीगत लिहून ती बरोबर न्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.