यंत्राचा हिशेब आणि हातची बाकी



संगणक झटपट हिशेब करतो, हे आता खेड्यातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. पण त्याला प्रश्न कसा घालावा लागतो आणि त्याच्या उत्तरातून काय निसटून जाऊ शकते, हे फारसे कोणी सांगत नाही. आज एका लहानशा आज्ञेच्या निमित्ताने त्याविषयी थोडे बोलू. शिक्षक बंधुभगिनींनी जरा कान देऊन ऐकावे. कारण या आज्ञेत शाळेतल्या गणिताची चांगली उजळणी आहे.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, बेल प्रयोगशाळेत, १९६९ साली केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्स नावाची प्रणाली उभी करायला घेतली. तिच्यात चित्रांवर बोट ठेवून काम होत नसे. एक ओळ टाइप करायची, की यंत्र उत्तरादाखल दुसरी ओळ छापणार. १९७९ साली तिची सातवी आवृत्ती निघाली. त्या आवृत्तीत आपली ओळ वाचून घेणारा जो भाग होता, ज्याला ‘शेल’ म्हणतात, त्याला स्वतःला बेरीजसुद्धा येत नव्हती. म्हणून हिशेबासाठी निराळी आज्ञा होती. एक्स्प्रेशन, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातली ‘पदावली’, या शब्दाची पहिली दोन अक्षरे आणि पुढचे पी, आर घेऊन तिचे नाव पडले. ई, एक्स, पी, आर. आपण तिला ‘एक्स्प्र’ म्हणू. पुढे शेललाही गणित येऊ लागले. तरी ही आज्ञा आजच्या लिनक्समध्ये आणि अ‍ॅपलच्या संगणकांतही आहे. लिनक्स तर फुकट मिळते.

आता करून पाहू.

एक्स्प्र ७ + २

असे लिहिले की खाली ९ येतात. पण हेच ७+२ असे चिकटवून लिहा बरे! यंत्र बेरीज करीत नाही. जसेच्या तसे ७+२ परत छापते. कारण मोकळी जागा सोडली तरच त्याला तीन वेगळ्या वस्तू दिसतात. चिकटून आले ते त्याच्या लेखी एकच शब्द.

गुणाकाराची गंमत आणखी निराळी. तिथे फुली चालत नाही, तारका लागते. पण मघाशी सांगितलेला शेल म्हणजे दारावरचा शिपाई. आपली चिठ्ठी आधी तो वाचतो. तारका दिसली की ‘या कप्प्यातल्या सगळ्या फायली’ असा तो अर्थ घेतो, आणि गुणाकाराच्या जागी फायलींची नावे आत पाठवतो! मग एक्स्प्र म्हणते, ही मांडणीच चुकली. म्हणून तारकेच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यायची. तिचा अर्थ, ‘शिपाईबुवा, याला हात लावू नका, तसेच आत द्या.’

आता खरा मुद्दा. एक्स्प्रला अपूर्णांक कळत नाहीत. ७ भागिले २ विचारा, उत्तर ३. साडेतीन नव्हे, बरं का! उरलेला एक कुठे गेला? तो वेगळा मागावा लागतो. त्यासाठी टक्क्याचे चिन्ह आहे. ७ टक्का-चिन्ह २ लिहिले की बाकी १ मिळते.

याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. मग दुधाचाच हिशेब घ्या. समजा, ४७ लिटर दूध घातले आणि दर लिटरला ३२ रुपये ५० पैसे. बत्तीस पूर्णांक पाच हे एक्स्प्र घेतच नाही. म्हणून दर पैशांत मांडू, ३२५०. याचे रुपये करायला कुठे तरी १०० ने भागले पाहिजे. आधी भागले तर ३२ येतात, ५० पैसे तिथेच गळतात, आणि गुणून होतात १५०४ रुपये. आधी गुणले तर १,५२,७५० पैसे. त्यांना १०० ने भागून १५२७ रुपये आणि बाकी मागून ५० पैसे. आकडे तेच, यंत्र तेच. क्रम बदलला, आणि दूध घालणाऱ्याचे २३ रुपये ५० पैसे गेले! यंत्राने तक्रारही केली नाही. विचारले तेवढे त्याने बरोबर सांगितले.

आपल्या जुन्या माणसांना हे नवे नाही. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते. शंभर आण्यांचे किती, तर सहा रुपये, चार आणे. सहा हा भागाकार, चार ही बाकी. असा हिशेब करताना बाकी टाकून द्यायची नसते.

एक्स्प्र शब्दांचेही काम करते. लिनक्सवर ‘लेंग्थ’ असे लिहून पुढे शब्द दिला की त्याची लांबी सांगते. ‘शाळा’ हा शब्द देऊन पाहा. आपल्याला अक्षरे दोन दिसतात. यंत्र मात्र श, काना, ळ, काना अशी चार मोजते. आणि मराठी लिपी ओळखण्याची मांडणी त्यावर नसेल तर बारा सांगते, कारण यातले प्रत्येक चिन्ह साठवायला तीन घरे लागतात. या भाषणात आकडे मी आपल्या लिपीत दिले आहेत, पण यंत्राला इंग्रजी आकडेच द्या. देवनागरी आकडे ते संख्या मानीत नाही, अक्षरे मानते. मग बेरीज नाकारते. आणि १० व ९ यांत लहान कोण असे विचारले, तर शब्दकोशाप्रमाणे पहिले अक्षर पाहून १० लहान ठरवते!

तेव्हा शिक्षकहो, मुलांना या यंत्रापुढे जरूर बसवा. पण आधी पाटीवर उत्तर काढायला लावा, मग यंत्राला विचारू द्या. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, की तिथे थांबा आणि बाकी कुठे गेली ते शोधायला सांगा. आणि शेतकरी बंधूंनो, कोणी छापील हिशेब हातात ठेवला, तर आधी भागले की आधी गुणले, एवढे विचारायला संकोच करू नका. ती बाकी तुमच्या घामाची आहे.