बरोबरीच्या चिन्हाचा मान

शाळेत बीजगणित शिकविताना आम्ही शिक्षक एक गोष्ट मुलांच्या मनावर बिंबवितो: बरोबरीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंस मूल्य एकच असते, म्हणून एका बाजूच्या जागी दुसरी खुशाल ठेवावी. हीच मुले पुढे संगणकाची भाषा शिकू लागली, की बहुधा पहिल्याच आठवड्यात त्यांच्यापुढे 'क्ष = क्ष + १' असे लिहिलेले येते. बीजगणिताच्या दृष्टीने हे अशक्य विधान होय. यंत्राला मात्र ती आज्ञा वाटते: 'क्ष'च्या घरातील आकडा काढ आणि त्याहून एकाने मोठा आकडा तेथे ठेव.

फंक्शनल प्रोग्रॅमिंग या पद्धतीचा मूळ आग्रह असा, की शाळेतला तो अर्थ मोडू नये. अलोंझो चर्च यांनी १९३० च्या दशकात मांडलेले लॅम्डा-गणित हा तिचा पाया. विद्यापीठांतून ती शिकविण्यासाठी पुष्कळदा वापरली जाणारी हास्केल ही भाषा निर्माण करण्याचे १९८७ साली ठरले, आणि तिचा पहिला अहवाल १९९० साली निघाला. हास्केल करी या तर्कशास्त्रज्ञाचे नाव तिला दिले आहे.

ही पद्धती विद्यार्थ्याला केव्हा शिकवावी, यावर विद्वानांत वाद आहे. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील प्रारंभीच्या पाठ्यक्रमातून हास्केल काढून जावा आणण्याचा घाट घातला जात असल्याचे कानी येताच, तेथूनच निवृत्त झालेल्या एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी २००१ साली पत्र लिहून विरोध नोंदविला. नव्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना आज्ञावजा प्रोग्रॅमिंगची तोंडओळख आधीच असते. हास्केल पाहताच या विषयात आपल्या कल्पनेपलीकडेही काही आहे हे त्यांना उमगते, असा त्यांचा मुद्दा होता. मला तो पटतो, आणि त्याला एक पुस्ती जोडावीशी वाटते. ज्याच्या घरी संगणक नव्हता तो मुलगा आणि लहानपणापासून कळफलक बडविणारा मुलगा, दोघेही येथे जवळजवळ एकाच पायरीवर उभे असतात.

खरी चढण पुढे लागते. घरातला आकडा बदलावयाचाच नाही, तर चुकांचा हिशेब कोठे ठेवावा? पडद्यावर अक्षरे उमटवावी कशी? १९९० च्या सुमारास युजेनियो मोज्जी यांनी गणिताच्या एका अमूर्त शाखेतून 'मोनाड' ही कल्पना संगणकशास्त्रात आणली, आणि फिलिप वॅडलर यांनी ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या हाती दिली. दुर्दैवाने ती शिकविताना उपमांचा सुकाळ होतो. कोणी तिला पेटी म्हणतो, कोणी वेष्टन. धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रश्नोत्तरी घडाघडा म्हणणाऱ्या, पण मध्येच अडविले तर गोंधळणाऱ्या मुलासारखी विद्यार्थ्याची स्थिती होते.

माझ्या मते आधी हाताने कष्ट करू द्यावेत. हजेरीक्रमांकावरून विद्यार्थी शोधावयाचा, त्यावरून पालक, पालकावरून दूरध्वनी क्रमांक. प्रत्येक पायरीला उत्तर 'सापडले नाही' असे येऊ शकते. हास्केलमध्ये अशा उत्तरासाठी 'मेबी' हा प्रकारच आहे. 'सापडले तर पुढे जा, नाहीतर येथेच थांब' हे तीनदा लिहून विद्यार्थी कंटाळला, की त्या तिन्हींतील सारखा सांगाडा त्याला आपोआप दिसतो. तो वेगळा काढून एकदाच लिहिला, की मग त्याला मोनाड हे नाव सांगावे.

बरोबरीवरील निष्ठेचे एक गोड फळही आहे. यादी दोनदा उलटी केली की मूळ यादी मिळते; जोडलेल्या दोन याद्या उलट्या केल्या तर दुसरीची उलटी आधी येते, पहिलीची मागून. असे नियम विद्यार्थ्याने लिहावयाचे, आणि यंत्राने आपल्या मनाने उदाहरणे काढून ते पडताळावयाचे. कून क्लासेन व जॉन ह्यूज यांनी स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठात २००० साली पुढे आणलेले 'क्विकचेक' हे साधन एरवी शंभर उदाहरणे तपासते. याद्यांचा क्रम उलटण्यास विसरून नियम लिहिला, तर दोनचार आकड्यांचीच एखादी जोडी नियम मोडते, आणि चूक तत्काळ डोळ्यांपुढे येते.

आपल्याकडील विद्यार्थ्यांसाठी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद आणि एस. पी. सुरेश यांची हास्केलवरील व्याख्याने एन.पी.टी.ई.एल. योजनेत इंग्रजीतून घरबसल्या ऐकावयास मिळतात. भाषेचा अनुवादक प्रोग्रॅमही विनामूल्य आहे. बेळगाव वा बडोद्याच्या विद्यार्थ्याने प्रथम याद्यांवरील फलने कागदावर, एकेक ओळ मांडून सोडवावीत. मोनाडचा पाठ त्यानंतर उघडावा.