एक ऊन, तीन कामं



ऑस्ट्रेलियात पोर्ट ऑगस्टाजवळच्या ओसाड जमिनीवर २०१६ साली टोमॅटोची मोठी हरितगृहं सुरू झाली. तिथे २३,००० हून जास्त आरसे १२७ मीटर उंच मनोऱ्यावर ऊन एकवटतात. त्या उष्णतेनं पाण्याची वाफ होते. त्यातून वीज मिळते, समुद्राचं खारं पाणी गोडं होतं आणि थंडीत हरितगृहांना ऊबही मिळते.

आपल्या गच्चीवर आहे तो साधा सोलर बंब. पण सकाळी गरम पाणी येईपर्यंत नळातलं बादलीभर थंड पाणी आपण मोरीत सोडतो आणि उन्हाळ्यात टँकर मागवतो! तिकडे पाण्यासाठी ऊन वापरतात, आपण उन्हासाठी पाणी घालवतो. उद्यापासून ती पहिली बादली भरून ठेवू या. फरशी पुसायला, कुंड्यांना होईल. एवढं तरी कराल ना?