मराठवाड्याचे विद्यापीठ

श्रोतेहो, तुमच्या गावात नव्वदी ओलांडलेले कुणी आजोबा असले तर त्यांना एकदा विचारून पाहा, ‘‘आजोबा, तुमच्या वेळी कॉलेज कुठं होतं?’’ मराठवाड्यातले असतील तर ते हैदराबादचे नाव घेतील.

निजामाचे राज्य होते तोवर आपल्याकडच्या मुलाने पदवी घ्यायची म्हणजे हैदराबाद गाठायचे. औरंगाबादला 1923 साली इंटरमीजिएट कॉलेज निघाले होते खरे. पण पुढचे शिक्षण तिथे नव्हते. मग वळकटी बांधायची, मनमाड-काचीगुडा लहान रुळांच्या गाडीत बसायचे आणि उस्मानिया विद्यापीठात नाव घालायचे. ते विद्यापीठ 1918 सालचे. तिथे इतिहास, गणित, विज्ञान सगळे उर्दूतून शिकवीत. परकी इंग्रजी सोडून देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, आणि त्याचे मोल मी कमी करणार नाही. पण घरी मराठी बोलणाऱ्या कुणब्याच्या पोराला ती भाषा इंग्रजीइतकीच दूरची! ज्याच्या घरी गाडीभाड्याला पैसे नव्हते, त्याची तर गोष्टच सोडा.

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. पण विद्यापीठाच्या आधी कॉलेजे आली, हे ध्यानात ठेवा. 1950 साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज काढले. त्याला पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले आणि त्या परिसराला ‘नागसेनवन’. राजा मिलिंद प्रश्न विचारतो, भिक्षू नागसेन उत्तर देतो. शिक्षक बंधू-भगिनींनो, कॉलेजाला याहून चांगले नाव मला तरी सुचत नाही.

1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 23 ऑगस्ट 1958 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्‌घाटन झाले. पहिले कुलगुरू श्री. डोंगरकेरी. ते मुंबई विद्यापीठाचे रजिस्ट्रार राहिलेले, म्हणजे कारभारात मुरलेले गृहस्थ. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद असे पाच जिल्हे त्यांच्या हाती आले. डोंगराच्या पायथ्याशी, बौद्ध लेण्यांच्या वाटेवर विद्यापीठ उभे राहिले.

आता एक गोष्ट सांगायची, ती गिळून पुढे जाता येत नाही. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यावर मराठवाड्यात दंगली उसळल्या. दलितांच्या वस्त्या जळाल्या, माणसे मेली. ज्या शिक्षणासाठी त्या थोर पुरुषाने कॉलेज काढले, त्याच शिक्षणाच्या घराला त्याचे नाव द्यायला सोळा वर्षे लागली! मोर्चे निघाले, लोक तुरुंगात गेले, कुणी प्राण दिले. अखेर 14 जानेवारी 1994 रोजी, संक्रांतीच्या दिवशी, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. ‘मराठवाडा’ राहिला आणि बाबासाहेबही आले.

त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे दुसरे विद्यापीठ सुरू झाले. परभणी, नांदेड, लातूर तिकडे गेले. आता धाराशिवलाही जुन्या विद्यापीठाचे उपकेंद्र आहे, तेव्हा तिकडच्या मुलीला सकाळच्या एस.टी.ने जाऊन संध्याकाळी घरी येता येते.