परदेशातले शिक्षण आणि चीनचा अभ्यास

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मुली आता शिकण्यासाठी परदेशी जाऊ लागल्या आहेत. त्यांतली एखादी घरी कळवते, "प्रबंधाला मी चीन हा विषय घेतला आहे." लगेच प्रश्न उठतात. सिल्लोडच्या मुलीला चीनशी काय कर्तव्य? आणि चीनचाच अभ्यास करायचा, तर तो अमेरिकेत किंवा जर्मनीत बसून कसा व्हायचा? या प्रश्नांची उत्तरे मराठी माणसांनी पूर्वीच देऊन ठेवली आहेत.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात धर्मानंद कोसंबी पाली शिकवीत. त्यांचे विद्यार्थी पुरुषोत्तम विश्वनाथ बापट पुढे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात गेले. 'विमुत्तिमग्ग' या जुन्या बौद्ध ग्रंथाचे मूळ हरवले होते. परंतु सहाव्या शतकाच्या आरंभी संघपाल नावाच्या भिक्षूने केलेले त्याचे चिनी भाषांतर शाबूत होते. बापटांनी ते चिनीतून वाचले आणि बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्गा'शी ताडून पाहिले. हा तुलनात्मक अभ्यास 1937 साली पुण्यात पुस्तकरूपाने निघाला. वासुदेव विश्वनाथ गोखले यांनी जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे आर्यदेवाच्या 'अक्षरशतका'चा अभ्यास चिनी व तिबेटी साधनांवरून केला. तो 1930 साली प्रसिद्ध झाला. आपल्या घरची हरवलेली वस्तू शेजाऱ्याच्या माळ्यावर सापडावी, तसाच हा प्रकार नव्हे काय?

आता उलट बाजू पाहा. ह्युएनत्संग हा चिनी भिक्षू आपल्या देशात शिकायला आला, नालंदेला राहिला आणि इ. स. 645 मध्ये परत गेला. त्याने महाराष्ट्राचेही वर्णन लिहिले आहे. त्यात पूर्व सीमेवरच्या डोंगरातला एक विहार आहे, तो 'अचल' नावाच्या अर्हताने बांधल्याचे तो सांगतो, आणि दाराशी दगडी हत्ती असल्याचेही. आपल्या तालुक्यातले अजिंठा गाव सोडून घाट उतरले की लेणी येतात. तिथल्या सव्विसाव्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर अचलाचे नाव आहे. सोळाव्या लेण्याच्या वाटेवर हत्तीही आहेत. परंतु ह्युएनत्संग म्हणतो तशी सत्तर फूट उंच बुद्धमूर्ती मात्र तिथे नाही. म्हणून तो स्वतः तिथे गेला होता की ऐकीव लिहीत होता, यावर पंडितांत मतभेद आहेत.

आपल्या विद्यार्थिनींनी यातूनच धडा घ्यावा. पाहिलेले, वाचलेले आणि ऐकलेले यांच्या वह्या वेगळ्या ठेवाव्यात. प्रत्येक टिपणाखाली तारीख आणि ग्रंथाचे पान लिहावे. विषय लहान घ्यावा. "चीन" हा काही विषय नव्हे, एक ग्रंथ, एक गाव, एक कायदा हा विषय होय. भाषा शिकल्यावाचून तर गत्यंतरच नाही, नाहीतर दुसऱ्याने चिनीवरून इंग्रजीत लिहिलेले आपण मराठीत उतरवून घेऊ आणि त्याला संशोधन म्हणू!

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. वसतिगृहात चिनी मैत्रीण भेटेल, चहा घेता घेता मन मोकळे करील. ते लिहायचे असेल तर आधी तिला विचारावे, आणि तिला त्रास होण्यासारखे असेल तर तिचे नावगाव मुळीच देऊ नये. लिहिणारी प्रबंध देऊन मोकळी होते. बोलणारीला आपल्या घरी परतायचे असते. पदवीपेक्षा तिचा विश्वास मोठा आहे.

1962 च्या युद्धाची सल आपल्या मनात आहे, आणि ती असणे स्वाभाविकच. परंतु शेजारी आवडो वा न आवडो, त्याची ओळख आपल्याला आपल्या डोळ्यांनी हवी. उसन्या चष्म्याने नको. तेव्हा मुलीने असा विषय घेतला तर "याचा उपयोग काय?" असे विचारून तिला नाउमेद करू नका. "तू स्वतः काय वाचलेस?" एवढेच विचारा. तिच्या अभ्यासाला त्याने बळ येईल, आणि आपल्यालाही दोन गोष्टी कळतील.