छोट्या व्यावसायिकाचे मोबाईलमधील दप्तर

(छोटे दुकानदार, कारागीर व स्वयंसहाय्य गट यांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहीची पूजा करण्याची प्रथा आपल्याकडील अनेक पेढ्यांतून अजून पाळली जाते. नवी वही उघडली की जुनी फडक्यात बांधून माळ्यावर जाते. चालू वही कोणती आणि जुनी कोणती, याविषयी दुकानातल्या पोऱ्यालाही संशय नसतो. रोजकीर्दीत त्या त्या दिवसाचा व्यवहार, खतावणीत ज्याचे त्याचे खाते. प्रत्येक नोंदीची जागा ठरलेली. गेल्या काही वर्षांत मात्र वहीचे बरेचसे काम मोबाईलकडे गेले. २०१६ साली यूपीआय आले, १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि मागणी, दर, बिल, पावती, तक्रार हे सारे व्हॉट्सअ‍ॅपवरून येऊ लागले. सोय झाली यात शंका नाही. परंतु वही गेली तेव्हा तिची शिस्तही तिच्याबरोबर गेली. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तीच शिस्त हा आहे.

म्हापशाच्या बाजारात काजू, कोकम आणि मसाल्यांचे दुकान चालविणारा एखादा गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. सकाळच्या शुभेच्छांची फुले, भाच्याच्या लग्नाची चित्रफीत, पुरवठादाराने पाठविलेले बिल, गिऱ्हाइकाने पैसे भरल्याचे चित्र, कामगाराचे आधार कार्ड, गतवर्षीचा दरतक्ता आणि यंदाचाही, हे सर्व त्याच्या मोबाईलमध्ये एकाच रांगेत उभे असते. सीएंच्या कचेरीतून निरोप येतो की ऑगस्टमधले काजूचे बिल पाठवा. गृहस्थ समोरच्या गिऱ्हाइकाला थांबवून बोटाने पडदा सरकवू लागतो. बिल सापडत नाही. अखेर तो पुरवठादारालाच फोन करतो, "शेट, ते बिल पुन्हा एकदा पाठवा ना." बिल दुसऱ्यांदा येते आणि त्याच ढिगावर पडते. यात गेलेला वेळ कोणत्याही वहीत खर्ची पडत नाही. म्हणूनच तो नुकसान म्हणून कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

वेळ गेला तर एकवेळ सोसता येईल. पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. नियमित करदात्या व्यापाऱ्याला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट घ्यावयाची तर कराचे बिल त्याच्या हाती असणे कायद्याने आवश्यक आहे. एखाद्या आर्थिक वर्षातील बिलावरची ही वजावट ते वर्ष संपल्यानंतर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले असल्यास ते भरेपर्यंतच मागता येते. डिसेंबरात सापडलेले बिल मग आठवण म्हणून जपून ठेवण्यापुरते उरते.

दुसरे नुकसान याहून गुपचूप होते. गुगलच्या विनाशुल्क खात्यात १५ गीगाबाइट एवढीच जागा मिळते, आणि ती जीमेलची पत्रे, फोटो व ड्राइव्हमधील कागद या सर्वांना मिळून असते. २०२४ पासून अँड्रॉइड मोबाईलवरील व्हॉट्सअ‍ॅपची राखीव प्रतही त्याच जागेत मोजली जाऊ लागली. जागा भरली की जीमेलवर नवे पत्र येणेच बंद होते. मोठ्या गिऱ्हाइकाची मागणी असो की कर खात्याची सूचना, ती दारावरून परत जाते. शुभेच्छांच्या फुलांनी टपालपेटी गच्च भरावी आणि पोस्टमनने मागणीपत्र घेऊन माघारी वळावे, असा हा प्रकार आहे.

यावर अनेकांना सुचणारा उपाय म्हणजे एका रविवारी बसून सर्व काही पुसून टाकणे. हा उपाय रोगाहून वाईट आहे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे, त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राची देय तारीख उलटल्यापासून ७२ महिने जपावी लागतात. २०२१-२२ या वर्षाची ती देय तारीख ३१ डिसेंबर २०२२ होती. म्हणजे त्या वर्षाची बिले २०२८ च्या डिसेंबरअखेरपर्यंत हाताशी हवीत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर मुदत आणखी लांबू शकते. तेव्हा पुसण्याचा अधिकार घाईला देऊन चालणार नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. 'सर्व फोटो गुगलवर चढलेले आहेत, मग मोबाईलमधून काढले तर बिघडले कोठे?' असे पुष्कळांना वाटते. गुगल फोटोज या अ‍ॅपमध्ये जाऊन फोटो पुसला की तो मोबाईलमधून जातो आणि गुगलच्या साठ्यातूनही जातो. साठ्यावर चढलेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो. त्यानंतर तो परत मिळत नाही. केवळ मोबाईलमधील जागा मोकळी करण्याची सोय निराळी आहे आणि ती त्याच अ‍ॅपमध्ये दिलेली असते. एकमेकांशी जोडलेल्या दोन जागी एकच वस्तू दिसते म्हणून तिच्या दोन प्रती झाल्या असे होत नाही. बिलांची खरी दुसरी प्रत हवी असेल तर ती पेनड्राइव्हवर किंवा घरच्या संगणकावर वेगळी उतरवून, दुकानापासून दूर ठेवावी. पावसाळ्यात मोबाईल भिजणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही.

कागद राखणे आणि कागद टाकणे ही दोन्ही एकाच शास्त्राची अंगे आहेत, आणि ते शास्त्र आपल्या भूमीला परके नाही. गोव्याचे अभिलेखागार १५९५ साली सुरू झाले आणि त्याची व्यवस्था दियोगु दो कौतु या इतिहासकाराकडे सोपविण्यात आली. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. अगदी अलीकडचा दाखला घ्यावयाचा तर १९८० च्या दशकात शेजारच्या महाराष्ट्रात, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कचेरीची आणि तिच्या दप्तराची फेररचना केली, ती 'लखीना पॅटर्न' या नावाने पुढे गाजली. महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांतून सहा गठ्ठे पद्धतही परिचित आहे: प्रलंबित प्रकरणे, कोणाच्या तरी उत्तराच्या प्रतीक्षेतील प्रकरणे, ठरावीक मुदतीची विवरणे, कायमचे आदेश, अभिलेख कक्षात जावयाचे कागद आणि नष्ट करावयाचे कागद. यातील शेवटचा गठ्ठा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. टाकावयाच्या कागदालाही तेथे जागा नेमून दिलेली आहे.

दुकानाला सहा गठ्ठ्यांची गरज पडत नाही. मोबाईलमध्ये ज्याला फोल्डर म्हणतात तसे तीन-चार कप्पे पुष्कळ झाले. एकात चालू मागण्या आणि उधारी. काम पुरे होताच तेथून कागद हलला पाहिजे. दुसऱ्यात नोंदणीचा दाखला, परवाने, जागेचा भाडेकरार असे कायमचे कागद. तिसऱ्यात बिले, आणि ती आर्थिक वर्षावार. बिलाला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यापुढे पुरवठादार, असा क्रम ठेवावा; उदाहरणार्थ '२०२५-०८-१४ काजू बिल'. दिवस आधी लिहिला तर यंत्र सर्व महिन्यांच्या पहिल्या तारखा एकत्र आणून ठेवते आणि शोधणारा पुन्हा गोंधळतो. वर्षाच्या कप्प्यावरच 'अमुक सालापर्यंत राखणे' असे लिहून ठेवले की पुढे पुसताना कोणाला विचारावे लागत नाही. काही यंत्रांतून निघणाऱ्या गुळगुळीत कागदाच्या पावत्यांची शाई काही महिन्यांत उडते, त्यांचा फोटो त्याच दिवशी घेतलेला बरा.

ढीग मुळात होऊ नये यासाठी व्हॉट्सअ‍ॅपमधील चित्रे आपोआप उतरण्याची सोय बंद करता येते. हवे ते चित्र बोट लावून उतरवावे. व्यवसायाचा क्रमांक घरच्या क्रमांकाहून वेगळा ठेवणे उत्तम. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे अ‍ॅप निराळ्या क्रमांकावर त्याच मोबाईलमध्ये चालते आणि त्यात 'नवी मागणी', 'पैसे येणे' अशा चिठ्ठ्या गिऱ्हाइकांच्या नावाला लावता येतात. साठ्याच्या व्यवस्थेत पाच मेगाबाइटहून मोठ्या आणि अनेकदा पुढे ढकललेल्या फिती एकत्र दाखविल्या जातात. पुसण्यास प्रारंभ तेथून करावा. त्यात बिल सहसा नसते.

स्वयंसहाय्य गटांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. पापड-लोणच्याच्या गटाचे सारे दप्तर बहुधा एकाच ताईंच्या मोबाईलमध्ये असते. ताईंनी मोबाईल बदलला की गटाची स्मृती गेली. गटाच्या नावाचे स्वतंत्र खाते उघडून त्याची किल्ली दोघींकडे असावी, हे काम गावातील शिक्षक एका दुपारी करून देऊ शकतील. सभासदांच्या आधार कार्डांची चित्रे मात्र काम झाल्यावर ठेवू नयेत. आवश्यकच असेल तेथे शेवटचे चार आकडे तेवढे दाखविणारे आधार मागावे.

राहिला प्रश्न आजवर साचलेल्या ढिगाचा. त्याला एकदम हात घालू नये. नवी व्यवस्था येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सुरू करावी आणि त्याआधीचे सारे 'जुने' या एका कप्प्यात लोटावे. म्हापशाचा मोठा बाजार शुक्रवारचा. शनिवारी सकाळी गिऱ्हाईक तुरळक असते. तेव्हा पाव तास बसून आठवड्याची बिले आपापल्या जागी लावावी आणि वेळ उरला तर 'जुने' मधील एका महिन्याची बिले तेवढी वेचून काढावी. फुले आणि लग्नाच्या फिती सर्वांत शेवटी पाहिल्या तरी चालतील.