स्वयंपाकाचें मडकें आणि त्याची निगा

अलीकडे शहरांतील अनेक सुशिक्षित घरांत मातीच्या भांड्यांची आवड पुन्हां उत्पन्न झाली आहे. प्रदर्शनांतून, रस्त्याच्या कडेच्या दुकानांतून किंवा गांवाकडच्या बाजारांतून एखादें सुबक मडकें घरीं येतें. त्याच दिवशीं उत्साहानें त्यांत आमटी शिजते. आणि आठ-पंधरा दिवसांत त्याच्या बुडाला तडा गेला किंवा आंत बुरशी धरली, कीं तें माळ्यावर जातें व दोष कुंभाराच्या माथीं बसतो. कुंभाराचा माल क्वचित् कच्चा असतोहि. परंतु पुष्कळदां अपराध त्याचा नसतो. पितळेच्या पातेल्याला किंवा स्टीलच्या भांड्याला जी वागणूक मानवते, तीच मडक्याला दिली जाते, आणि तेथेंच घोटाळा होतो. मडक्याचा स्वभाव धातूहून अगदीं निराळा आहे. तो एकदां समजला, म्हणजे निगेचे नियम पाठ करण्याचें कारण उरत नाहीं. ते आपोआप सुचतात.

कुंभार ओल्या मातींत वाळू, राख, भुसा किंवा जनावरांची लीद मिसळतो, ती उगीच नव्हे. निव्वळ चिकणमाती वाळतांना फार आकसते आणि तिला भेगा पडतात. वाळूनें तें आकसणें कमी होतें. लीद व भुसा आव्यांत जळून जातात आणि त्यांच्या जागीं बारीक पोकळ्या राहतात. आव्यांतील उष्णता सामान्यतः ६०० ते ९०० अंश सेंटिग्रेडपर्यंत चढते. ५०० अंशांच्या आसपास मातीच्या कणांत रासायनिक रीतीनें बांधलेलें पाणी निघून जातें, आणि मग ती माती कितीहि भिजली तरी पुन्हां तिचा चिखल होत नाहीं. पण चिनी मातीच्या बरणीप्रमाणें ती आंतून कांचेसारखी एकजीवहि होत नाहीं; त्याला १२०० अंशांच्याहि वर उष्णता लागते. मडकें हें असें मधल्या अवस्थेंतलें भांडें आहे. तें चिखल नव्हे आणि कांचहि नव्हे. त्याचें सारें अंग असंख्य सूक्ष्म छिद्रांनीं भरलेलें असतें. माठांतलें पाणी थंड होतें तें याच छिद्रांमुळें, आणि मडक्यांत साबण मुरतो तोहि याच छिद्रांमुळें.

अशा भांड्यांत अन्न शिजविण्याची कला शेतीहूनहि जुनी आहे. चीनमधील शियानरेनदोंग नांवाच्या गुहेंत मिळालेलीं खापरें सुमारें २०,००० वर्षांपूर्वींचीं असल्याचें २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील कांहींवर बाहेरून जाळाचे डाग आहेत. म्हणजे मनुष्य धान्य पेरूं लागण्यापूर्वींच मडक्यांत कांहींतरी शिजवीत होता. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर संगमनेरजवळ प्रवरेच्या कांठीं जोर्वे येथें १९५०-५१ सालीं उत्खनन झालें. तेथें मिळालेलीं तांबडीं, काळ्या नक्षीचीं भांडीं वाजविलीं तर धातूसारखीं खणखणतात, आणि त्यांवरूनच तीन हजार वर्षांपूर्वींच्या एका संस्कृतीला जोर्वे हें नांव मिळालें.

त्या खणखणीत आवाजाची कसोटी आजहि बाजारांत उपयोगी पडते. मडकें एका हातावर अलगद तोलून बोटाच्या पेरानें वाजवावें. स्वच्छ, लांबणारा नाद निघाला तर तें नीट भाजलें आहे; बद्द आवाज आला तर कोठेंतरी भेग आहे किंवा आंच कमी पडली आहे. बूड आणि कांठ सारख्या जाडीचे आहेत ना, हें हात फिरवून पाहावें. घरीं आणल्यावर रात्रभर पाणी भरून कोरड्या फरशीवर ठेवावें. बाहेरून किंचित् दमट होणें हा त्याचा धर्मच आहे. पण थेंब थेंब गळूं लागलें तर तें परत करावें. काळें मडकें पाहून कांहीं लोक बिचकतात, तें निष्कारण. मातींत लोह असतें. आव्यांत मोकळी हवा मिळाली तर तें तांबडें होतें. धूर कोंडला तर मडकें काळें होतें.

भीति बाळगावयाची ती काळ्या रंगाची नव्हे, झिलईची. कमी उष्णतेवर वितळावी म्हणून कांहीं ठिकाणीं झिलईंत शिशाचें संयुग घालतात. असें भांडें शोभेला ठीक असेल. पण त्यांत चिंच, कोकम, टोमॅटो किंवा ताक असलेला पदार्थ शिजविला, कीं आंबटपणानें तें शिसें अन्नांत उतरतें. तें डोळ्यांना दिसत नाहीं, जिभेला कळत नाहीं, आणि हळूहळू शरीरांत सांचतें. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा जो परिणाम होतो, तो पुढें भरून निघत नाहीं. रक्तांतील शिशाचें कोणतेंहि प्रमाण निर्धास्त मानतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेक्सिको देशांत परंपरेनें चालत आलेल्या अशा झिलईच्या भांड्यांमुळें पुष्कळांना ही बाधा झाली आहे. झिलईंत शिसें आहे कीं नाहीं, हें दुकानदाराला विचारून कळण्याजोगें नाहीं. त्यालाहि बहुधा तें ठाऊक नसतें. तेव्हां रोजच्या स्वयंपाकाला बिनझिलईचें, रंग अगर रोगण न लावलेलें भांडें घ्यावें, हाच राजमार्ग. कुंभार कच्च्या भांड्यावर गुळगुळीत दगड घोटून जी तकाकी आणतो, ती निराळी आणि निर्धोक. दोहोंतला भेद पाण्याच्या थेंबानें कळतो. घोटलेल्या मडक्यावर थेंब हळूहळू मुरतो. झिलईवर तो मोत्यासारखा उभा राहतो. या एका बाबतींत गृहिणीनें संकोच न करितां दुकानांतच परीक्षा करावी.

नवें मडकें एकदम चुलीवर चढवूं नये. तें एक दिवस व एक रात्र पाण्यांत बुडवून ठेवावें, म्हणजे छिद्रांतील धूळ निघते. मग सावलींत पुरतें वाळवावें. येथें घाई करणारांचीं मडकीं हटकून फुटतात, कारण छिद्रांत अडकलेल्या पाण्याची आंचेनें एकाएकीं वाफ होते आणि तिला बाहेर पडावयास अवसर मिळत नाहीं. वाळल्यावर त्यांत भाताची पातळ पेज घालून मंद आंचेवर घटकाभर उकळावी व तशीच निवूं द्यावी. पेजेंतलें पीठूळ सत्त्व छिद्रांत शिरून बसतें. हें दोन-तीन वेळां करून, कोरड्या मडक्याला आंतून गोडें तेल चोळून पुन्हां मंद तापवलें, म्हणजे भांडें कामाला लागलें. कोंकणांत व गोव्यांत जुन्या बायका मडक्यांत पहिल्यानें पेज किंवा भातच शिजवितात, त्यांतलें मर्म हेंच आहे.

आतां आंचेविषयीं. ॲल्युमिनियमच्या मानानें भाजलेली माती उष्णता शंभराहून अधिक पटींनीं हळू वाहून नेते. म्हणून मडकें तापावयास वेळ घेतें, आणि निवावयासहि घेतें. गॅसची ज्योत बुडाच्या एकाच वर्तुळावर लागते. तेवढा भाग तापून फुगूं पाहतो, बाकीचा थंड राहतो, आणि या ओढाताणींत तडा जातो. त्यासाठीं आंच आरंभीं अगदीं बारीक ठेवावी व खालीं एखादा जुना लोखंडी तवा ठेवावा. आंत थोडें तेल किंवा पाणी असल्याखेरीज मडकें तापवूं नये. मध्येंच पाणी वाढवावयाचें झालें तर तें ऊनच घालावें. तापलेलें मडकें उतरवून ओल्या ओट्यावर ठेवणें म्हणजे तर त्याचा घात करणें होय. त्याला चुंबळ किंवा लांकडी पाट पाहिजे. विजेच्या इंडक्शन शेगडीवर तें तापतच नाहीं, कारण ती शेगडी लोखंडाच्या जातीचें बूड मागते. ढवळावयास लांकडी डाव किंवा करवंटीची पळी असावी.

या संथपणाचा लाभ कोठें होतो, हें गोव्याच्या कुंडल्यांत दिसतें. नारळाच्या वाटपाची मासळीची आमटी त्यांत चुलीवरून उतरल्यावरहि कांहीं वेळ रटरटत राहते. तें ओळखून जाणती गृहिणी आमटी थोडी आधींच उतरविते. नारळाचा रस फुटत नाहीं आणि मासळीचा तुकडा मोडत नाहीं. डाळ मात्र मडक्यांत उशिरां शिजते. प्रेशर कुकरमध्यें सुमारें १२० अंश उष्णता मिळते, उघड्या मडक्यांत १०० च्या वर ती जात नाहीं. म्हणून डाळ आधीं भिजवावी, आणि चिंच किंवा कोकम डाळ मऊ झाल्यावरच घालावें; आंबटाच्या संगतींत ती लवकर नरम होत नाहीं. रायगड जिल्ह्यांत थंडीच्या दिवसांत वालाच्या शेंगांची पोपटी लावतात, तींत तर पाण्याचा थेंबहि नसतो. मडक्याच्या तळाशीं भांबुर्डीचा पाला, वर मीठ व ओवा लावलेल्या शेंगा, कोणी बटाटे-अंडीं घालतात, आणि तोंडाशीं पुन्हां पाला दाबून मडकें पालथें घालावयाचें व भोंवतीं जाळ करावयाचा. शेंगांच्या स्वतःच्या ओलाव्यावर सर्व शिजतें.

पण मातीच्या भांड्याचें खरें कौशल्य पाहावयाचें तर खानदेशांत जावें. तेथें पुरणपोळी तव्यावर होत नाहीं. घुमटासारखें मोठें खापर चुलीवर पालथें मांडतात आणि खालीं लांकडांचा एकसारखा जाळ ठेवतात. पुरण भरलेला गोळा पोळपाटावर लाटावयाचा नाहीं. तो दोन्ही हातांवर झेलीत, फिरवीत, कोपरापर्यंत पसरीत न्यावयाचा आणि तशीच ती विशाल, पातळ पोळी खापरावर सोडावयाची. लोखंडावर इतकी पातळ पोळी क्षणांत करपेल. खापर मात्र तिला सगळीकडे सारखी व सौम्य आंच देतें. आखाजीच्या सणाला ही पोळी आणि आमरस नसेल तर खानदेशी मनुष्याला सण झाल्यासारखें वाटत नाहीं. हें काम पुस्तक वाचून येत नाहीं. आईच्या किंवा सासूच्या शेजारीं बसूनच तें हातांत उतरतें.

मडक्यांतल्या अन्नाची रुचि निराळी लागते, हें अनुभवाचें आहे. परंतु त्यांतील सर्व पोषक द्रव्यें शंभर टक्के टिकतात, माती अन्नांतील आम्ल नाहींसें करते, अमुक रोग बरा होतो, अशा ज्या जाहिराती हल्लीं पाहण्यांत येतात, त्यांवर विश्वास ठेवण्याजोगा पुरावा नाहीं. मंद आंच आणि झांकण यांचे गुण पुरेसे आहेत. कुंभाराच्या मालाला वैद्याचा अंगरखा घालण्याचें कारण नाहीं.

आतां घासण्याची गोष्ट. साबण आणि द्रवरूप घासणी यांना मडक्यापाशीं येऊं देऊं नये. तीं छिद्रांत मुरतात आणि दुसऱ्या दिवशींच्या आमटींत उतरतात. चाळलेली राख, नाहीं तर डाळीचें पीठ किंवा खाण्याचा सोडा, नारळाची शेंडी आणि गरम पाणी एवढें साहित्य पुरे. अन्न तळाला लागलें असेल तर खरवडूं नये. पाणी व सोडा घालून मंद उकळावें, तें आपोआप सुटतें. मासळीचें मडकें, दुधाचें मडकें आणि भाताचें मडकें निरनिराळें ठेवण्याची जुनी चाल याच कारणास्तव शहाणपणाची आहे. स्निग्धता आणि वास छिद्रांत घर करून राहतात. मनुस्मृतींत मातीचें भांडें पुन्हां भाजल्यानें शुद्ध होतें, आणि कांहीं दोष तर भाजूनहि जात नाहींत, असें सांगितलें आहे. सोवळ्याओवळ्याच्या कल्पनेंत माणसामाणसांतला जो भेद शिरला तो निंद्यच. परंतु माती आपल्या पोटांत घेतलेलें सहसा सोडीत नाहीं, हें त्या काळींहि कोणाच्या तरी नजरेंतून सुटलें नव्हतें.

धुतल्यावर मडकें झांकून किंवा कपाटांत कोंडून ठेवणें ही सर्वांत सामान्य चूक होय. पावसाळ्यांत तर चार दिवसांत बुरशी येते. त्याला ऊन द्यावें. ऊन नसेल तर चुलीच्या उबेजवळ तोंड उघडें ठेवून सुकवावें. बुरशी आलीच तर घासून, सोड्याचें पाणी उकळून, दोन-तीन कडक उन्हें दाखवावीं, आणि तरीहि कुबट वास राहिला तर त्यांत पुन्हां अन्न शिजवूं नये. बाहेरून पांढरी पुटें दिसतात, ती मात्र बुरशीच असते असें नाहीं. पाण्यांतील क्षारहि अंगावर येऊन बसतात, व ते ओल्या फडक्यानें पुसले जातात. पूर्वीं माजघराच्या कोपऱ्यांत मडक्यांची उतरंड असे. ती कोरड्या दाण्यागोट्याची; रोज भिजणारें भांडें उतरंडींत कोणी ठेवीत नसे.

केंसासारखी भेग पडली आणि पाणी झिरपूं लागलें तर पुन्हां एकदां पेज उकळून पाहावी. पुष्कळदां तेवढ्यानें ती बुजते. बुडाला लांब तडा गेला असेल तर आंचेवर ठेवण्याचा मोह टाळावा, कारण उकळत्या आमटीसह तें हातांत फुटतें. पाण्याचा जुना माठ झाडाच्या बुंध्याशीं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवला, तर माती सुकेल तसतसें पाणी झिरपतें आणि ती ओली असेल तर थांबतें. स्वयंपाकाचें मडकें या कामीं येत नाहीं. त्याचीं छिद्रें पेजेनें व तेलानें बुजलेलीं असतात. त्याच्या बुडाला भोंक पाडून त्यांत कोथिंबीर लावावी.